दोन कागदांच्या मधलं पाणी

तात्या दोन कागदांच्या मधे घोटभर पाणी प्यायचे. पहिला कागद वाचून झाला की तो मांडीवर उपडा ठेवायचे, चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, फुलपात्रातल्या पाण्याचा एक घोट तोंडात घेऊन क्षणभर घोळवायचे आणि मगच दुसरा कागद उचलायचे. पंचायतीच्या अंगणात बसलेलं सगळं गाव त्या घोटाकडे बघत असायचं. गावचा एक जावई एकदा कुजबुजला होता, "एवढ्याशा वाचनाने घसा सुकतो होय यांचा?" तात्यांना ते ऐकू गेलं. म्हणाले, "घसा नाही सुकत, पाहुणे. पहिल्याची चव जिभेवर राहिली तर दुसरा बेचव लागतो."

ते आमच्या ग्रामपंचायतीचे सेक्रेटरी. आमचं गाव कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या रुळालगतचं. रुळाच्या खाली भातशेती, वर टेप, म्हणजे लहानशी टेकडी, आणि टेपाच्या मागे डोंगराला टेकून ठाकरांची वाडी. आज आठवायला बसलं की ते गाव मला धुरातून दिसतं. शेतं भाजण्याच्या दिवसांत राबाचा निळा धूर भुईपासून हातभर वर थांबून राही, आणि त्यातून माणसं गुडघ्यापासून वरची तेवढी चालताना दिसत. पायच नसल्यासारखी. तात्याही मला तसेच आठवतात, काखेत वही, हातात छत्री, धुरावरून तरंगत पंचायतीकडे निघालेले.

पंचायत नवी असताना एका सभेत मारामारी झाली होती. कारण कुणालाच आठवत नव्हतं, फक्त कुणाचा दात पडला ते आठवत होतं. त्यानंतर तात्यांनी आपले नियम काढले. गावाने हात वर करून ठरवायचा कुठलाही मोठा प्रश्न असो, दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं लिहून द्यायचं. एकच रेघांचा कागद, पाठपोट नाही. सभा शनिवारी, तर कागद गुरुवारी संध्याकाळची खोपोलीची गाडी जायच्या आत. गाडी गेली की दार बंद. आलेले कागद शुक्रवारी भाताच्या खळीने पंचायतीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागत आणि शनिवारी तात्या ते मोठ्याने वाचत. आधी कुठला, ते अर्धा चिंचोका उडवून ठरे. सभेत नवं म्हणणं मांडायचं नाही, फक्त हात वर करायचे. "सरकारी पुस्तकात आहे का हे?" असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "नाही. पण मनाईही नाही. मी दोनदा वाचलंय."

शाळेपुढचं जांभळाचं झाड तोडायचं की ठेवायचं, हा वाद मला चांगला आठवतो. झाड ठेवा म्हणणाऱ्यांत पारूकाकी पुढे होती. तिचा कागद मी लिहून दिला होता. त्यात सुरुवातीच्या सात ओळी सरपंचांवर होत्या, त्यांच्या दुकानावर, त्यांच्या मेहुण्यावर, मेहुण्याच्या बैलावर. तात्यांनी वाचला आणि परत केला.

"काकी, माणूस काढा, झाड ठेवा."

"मंग कागदात ऱ्हायलं काय?"

"झाड राहिलं."

"सरपंच कसा हाय ते गावाला कळाय नको?"

"गावाला ते तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. झाडाखाली किती पोरं जेवायला बसतात ते ठाऊक नाही. ते लिहा."

पारूकाकी दोन दिवस झाडाखाली बसून पोरं मोजत होती. झाड राहिलं. "माणूस काढा, झाड ठेवा" हे पुढे गावात नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा म्हटलं जाऊ लागलं.

एकदा नामा सुताराने दोन्ही बाजूंच्या कागदांवर सही केली. तात्यांनी बोलावलं तर म्हणाला, "तात्या, मला दोन्ही पटत्यात, मी काय करू?" तात्या त्याला रागावले नाहीत. म्हणाले, "पटू देत. मन दोन्हीकडे असू शकतं नामा, सही एकीकडेच असते." मग थोडा विचार करून म्हणाले, "तुझ्यासारखी अजून दहा माणसं गावात असती तर मला हे कागद लागलेच नसते."

तात्यांनी स्वतःचा हात कधी कुठल्या बाजूने वर केला नाही. त्यांना काय वाटतं ते त्यांच्या बायकोलाही कळत नसे. काकू आम्हां सगळ्यांसमोर म्हणायच्या, "अहो, आज भाजी वांग्याची की दुधीची, एवढं तरी सांगा. का त्याचेही गुरुवारपर्यंत दोन कागद मागवू?" तात्या हसून म्हणत, "मागव. पण वांग्याविषयी वाईट लिहू नको, नुसतं दुधीविषयी चांगलं लिही."

ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी पंचायतीत येऊन तोंडी सांगायचं आणि सेक्रेटरीने जसंच्या तसं लिहून घ्यायचं, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. मी तेव्हा तेविशीचा, मॅट्रिक झालेला, नोकरी नसलेला. माझं अक्षर चांगलं म्हणून तात्या मला लिहायला बसवत. वाडीवरची एक म्हातारी काही सांगत होती आणि मी तिचं बोलणं नीट करून पुस्तकी मराठीत लिहीत होतो. तात्यांनी मागून येऊन वाचलं, कागद फाडला, नवा पुढे ठेवला. "अनंता, तुला हमाल म्हणून बसवलंय, गवंडी म्हणून नाही. जे देतील ते उचलून इकडून तिकडे ठेव. मधे काही बांधू नको."

ते वाडीचे कागद वाचताना मात्र अंगण वेगळंच होऊन जाई. तात्यांचा आवाज तोच, ना चढ ना उतार, पण त्या आवाजातून वाडी बोलायची, आणि गावातली माणसं मान खाली घालून ऐकायची. मागच्याच वर्षी डोंगरउतारावरच्या झाडांच्या प्रश्नात वाडीच्या एका कागदाने अख्खी सभा फिरवली होती. हे मी पाहिलं होतं. पुढे मी जे केलं ते, हे पाहिलं होतं म्हणूनच केलं.

त्या सुमारास खाली मोहोपाड्याच्या बाजूला कारखाने येऊ लागले होते. एका कारखान्याला कामगारांच्या चाळी बांधायला जागा हवी होती आणि त्यांनी आमचा टेपाखालचा माळ मागितला. गावाने ठराव दिला तर गावातल्या शिकलेल्या चार जणांना नोकरी, असं त्यांचा माणूस सांगून गेला. शिकलेले आम्ही चारच होतो. घरी मला कुणी काही म्हणत नसे, आणि तेच असह्य होतं. वडील शेतावर निघाले की मी अंथरुणात डोळे मिटून पडून राही, त्यांची पावलं बांधावरून ऐकू येईनाशी होईपर्यंत. माळ द्यावा, या बाजूचा कागद मी लिहिला. इतका चांगला कागद मी पुन्हा कधी लिहिला नाही.

माळाच्या वरच्या कडेला खडकात एक झरा होता. वाडीचं उन्हाळ्याचं पाणी तिथलं. वाडीचा कागद येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या गुरुवारी तात्यांना ताप आला. त्यांनी मला घरी बोलावलं. गोधडीतून हात बाहेर काढून पंचायतीची किल्ली दिली. "आज तू बस. गाडी गेली की दार लोटून घे. कुणी तोंडी सांगितलं तर..."

"हमाल," मी म्हटलं.

ते हसले. ते हसू मला अजून दिसतं.

दुपारभर कुणी आलं नाही. बाहेर राबाचा धूर साचलेला, ऊन त्यातून तांबूस होऊन उंबऱ्यावर पडलेलं. उतरणीला फाटकाजवळ शिट्टी झाली. मी खिडकीतून पाहिलं. नुसतं इंजिन होतं. मागे एकही डबा नव्हता. कधी कधी असं एकटं इंजिन खोपोलीकडे जाई. गाडी यायला अजून थोडा वेळ होता. इंजिन धुरात शिरून दिसेनासं झालं आणि त्याच धुरातून कमळू बाहेर आला. कमळू म्हणजे वाडीचा बोलता माणूस. वाडीच्या वतीने तोच खाली यायचा. टेपावरून धावत आला होता, छाती भात्यासारखी हलत होती.

"शेकरेटर नाय का?"

"तापाने पडलेत."

"मंग तू लिव. माळाचं सांगायचं हाय."

कागद समोर होता. दौत उघडी होती. मी म्हटलं, "कमळूदादा, गाडी गेली."

"आत्ता शिटी झाली ती?"

"हो."

त्याने मागे रुळाकडे पाहिलं. धुराशिवाय काही नव्हतं. "टेपावं होतो मी तवा," तो म्हणाला. "पळालो रं लय. पन गेली म्हंजे गेली. बायको म्हनली भाकर खाऊन जा, तिथं बसलो. माजाच उशीर."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ज्या गावात नियम सगळे पाळतात तिथे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. तो पायऱ्या उतरला आणि बांधावरून टेपाकडे चालू लागला.

तो बांधावर असतानाच गाडी आली. खरी गाडी, डब्यांची, दारांत माणसं उभी असलेली. कमळू थांबला. डोळ्यांवर हात धरून त्याने ती सगळी जाऊ दिली. मी खिडकीच्या आत सरकलो. त्याने पंचायतीकडे वळून पाहिलं नाही. गाडी गेल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा होता, गुडघ्यापर्यंत धुरात. मग चालू लागला.

मी किल्ली द्यायला गेलो तेव्हा तात्यांनी विचारलं, "वाडीवरून कुणी नाही आलं?"

"नाही," मी म्हटलं.

शनिवारी तात्या घोंगडी पांघरून आले. कागद एकच, म्हणून चिंचोका उडवला नाही. माझा कागद त्यांनी वाचला, नेहमीच्याच आवाजात. उपडा ठेवला. चष्मा पुसला. पाण्याचा घोट घेतला. आणि वहीतून रेघांचा एक कोरा कागद काढून दोन्ही हातांत धरला.

"दुसऱ्या बाजूचा कागद आलेला नाही," ते म्हणाले. "पण वेळ तिची आहे. ती तिला देऊ."

आणि ते कोरा कागद वाचू लागले. मनात. त्यांचे डोळे खरोखर एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उतरत होते. अंगणात कुणी खोकलं नाही. कुठेतरी कोंबडी ओरडून थांबली. कमळू अगदी मागे, भिंतीला पाठ लावून बसला होता. मला वाटत होतं, आता तो उठेल, आता बोलेल. तो उठला नाही. सभेत नवं म्हणणं मांडायचं नाही, हा नियम होता. मी उठू शकलो असतो. तात्या शेवटच्या रेघेपर्यंत पोचले, त्यांनी कागदाची घडी घातली, आणि हात वर झाले. माझाही झाला.

मला नोकरी लागली. पुढच्या वर्षी चाळी उभ्या राहिल्या आणि माळाभोवती डोक्यापेक्षा उंच भिंत आली. झरा भिंतीच्या आत गेला. झऱ्यावर टाकी बांधली, टाकीचे नळ चाळींना दिले. त्याच चाळीत मला दोन खोल्या मिळाल्या. लग्न होऊन आलेली माझी बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगोबाई, किती गोड पाणी आहे इथलं!" पाहुणे येत, तेही तेच म्हणत. मागच्या खिडकीतून भिंत दिसे आणि उन्हाळ्यात भिंतीपलीकडून हंड्यांची रांग दिसे. बायका नव्हे, नुसते हंडेच भिंतीवरून तरंगत नदीकडे जात. मी त्या खिडकीला पडदा लावला.

तात्यांची बदली झाली, मग ते निवृत्त होऊन कर्जतला भिसेगावात राहायला गेले. त्यांच्यामागून आलेल्या सेक्रेटरींनी कागदांची पद्धत बंद केली. सभा लवकर आटपू लागल्या.

सतरा-अठरा वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो. एका जेवणात माझ्या थोरल्या मुलीने विचारलं होतं, "बाबा, ते हंडेवाले लोक आपल्या नळावर का येत नाहीत?" आणि मी ताटावरून उठलो होतो. तात्या ओसरीवर आरामखुर्चीत होते, सुकलेले, पण चष्मा तोच. काकू गेल्या होत्या. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. इंजिन, कमळू, खिडकी, "नाही" म्हणालो ते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. झाल्यावर फुलपात्राकडे हात नेला, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"हा झाला तुझ्याविरुद्धचा कागद. दुसरा?"

"दुसरा नाही, तात्या."

ते गप्प बसले. मला कळायला वेळ लागला. ते कोरा कागद वाचत होते, माझ्यासाठी. पायरीवर बसून मी रडलो, आणि त्यांनी ती वेळ पूर्ण होऊ दिली. मग खुर्चीच्या बाजूच्या कोनाड्यातून रेघांचा एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"कमळूचा राहिलाय. घेऊन ये. पाठपोट नाही."

वाडीवर मी त्याआधी कधी गेलो नव्हतो. कमळू अंगणात टोपलीला कामट्या घालत बसला होता, केस पांढरे. मी कागद काढून काय काम आहे ते सांगितलं. त्याने कामटी दातांत धरली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती बाहेर काढून म्हणाला, "दिसली ना मला दुसरी गाडी. म्हनलं, आज सरकारनं दोन सोडल्यात वाटतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुनाला? तूच होतास ना तिथं, लिवनारा."

आतून त्याची बायको बाहेर आली. माझ्यापुढे तांब्या आदळला. "आता आलाय कागद घिऊन! सतरा उन्हाळे नदीवं जातोय आमी. मान बघ माजी, सरळ व्हते का? पी, पी. नदीचं हाय."

मी प्यालो. पाण्याला चिखलाचा वास होता. मग मी दौतीऐवजी पेन काढलं आणि कमळूला म्हटलं, "त्या दिवशी काय सांगायला आला होतात तेच सांगा."

त्याने हातातली कामटी टोपलीत खोवली. मग त्याने सांगितलं आणि मी लिहिलं: "माळाला आमची ना नाय. घरं व्हऊ द्या. पोरांना काम लागू द्या. फकस्त झऱ्याकडं याया एक वाट ठिवा, बाईमानूस हंडा घिऊन जाईल येवढी."

मी पेन थांबवलं. "एवढंच?"

"येवढंच. मंग काय, माळ कुनाच्या बापाचा हाय?"

एवढंच सांगायला तो टेपावरून धावत आला होता. त्या कागदाने माझी नोकरी गेली नसती. कुणाचंच काही गेलं नसतं. तात्यांनी वाचला असता, गावाने माना हलवल्या असत्या, भिंतीत एक वाट राहिली असती आणि मी त्याच दोन खोल्यांत तेच गोड पाणी सरळ मनाने प्यालो असतो. मी ज्याला घाबरलो तो कागद माझ्याच बाजूचा होता.

"हे पन लिव," त्याची बायको म्हणाली, "भाकर खाऊन जा म्हनली ती मी. येवढी वर्सं त्याच्यापायी मलाच बोलतोय ह्यो." मी तेही लिहिलं. दोघांनी अंगठे उठवले. "कागदानं भित पडंल का?" तिने विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

भिंत पडली नाही, पण वर्षाच्या आत वाडीच्या बाजूला तिला एक लहान फाटक झालं, हंडा घेऊन बाई जाईल एवढं. त्यासाठी मला कारखान्यात आणि पंचायतीत पुष्कळांसमोर उभं राहून हेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. माझ्याशी बोलणं सोडलेली माणसं अजून आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. फाटक बघायला तात्या राहिले नव्हते.

पण कागद त्यांनी पाहिला. मी तो भिसेगावात नेला तो दिवस गुरुवार होता, हे मी मुद्दाम जमवलं होतं. ऊन कलतं होतं, कुठेतरी पाला जळत होता आणि त्याचा धूर ओसरीच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. तात्यांनी अंगठे पाहिले, कागद उलटा करून पाठ कोरी असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "माळाच्या बाजूचा तुझा कागद आठवतो का?"

आठवत होता. शब्दन्‌शब्द. मी तो म्हणून दाखवला. उन्हातल्या रिकाम्या अंगणाला.

तात्यांनी चष्मा काढून सोग्याला पुसला. "हा वाचून झाला की भिंतीला लाव. पंचायतीच्या नव्हे, झऱ्याच्या. खळ घरून करून ने." इतक्यात स्टेशनाच्या बाजूने शिट्टी झाली. त्यांचा हात फुलपात्राजवळ थांबला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"अनंता, गाडी गेली का रे?"

मी उठून अंगणाच्या टोकापर्यंत गेलो, धुरापलीकडे नीट पाहिलं आणि परत आलो.

"नाही तात्या. नुसतं इंजिन होतं. गाडी यायची आहे अजून."

"मग वेळेत आलाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पाण्याचा घोट घेतला.